व्यापारसंघाची वेगळी थैली

अमेरिकेत 1907 साली टिलमन कायदा संमत होऊन कंपन्यांच्या तिजोरीतून राष्ट्रीय निवडणुकांतील उमेदवारांस द्रव्य देण्यास मनाई झाली. परंतु ज्यांचे हिताहित जकात, हमीभाव आणि परवाने यांवर अवलंबून असते, त्या व्यापारीवर्गाची राजसत्तेशी सलगी राखण्याची आकांक्षा एका कलमाने नाहीशी होणारी नव्हती. वाट दाखविली ती मात्र कामगारांनी. युद्धकाळात, 1943 मध्ये, मजूर संघटनांच्या निधीवरही तशीच बंदी येताच सीआयओ या महासंघाने सिडनी हिलमन यांच्या नेतृत्वाखाली निराळी राजकीय कृती समिती उभारून सभासदांकडे डॉलर-डॉलरची ऐच्छिक वर्गणी मागितली, आणि तोच कित्ता 1961 साली डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने व 1963 साली कारखानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने गिरविला.

संघाची गंगाजळी आणि समितीची थैली यांमधील ही भिंत किती कच्ची होती, हे टेक्सासमधील दूध उत्पादकांच्या एका बलाढ्य सहकारी संस्थेच्या प्रकरणाने उघड केले. दुधाचा आधारभाव वाढविणार नाही, असे 12 मार्च 1971 रोजी जाहीर करणाऱ्या सरकारने, 23 तारखेस राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी दूधधंद्याच्या पुढाऱ्यांची भेट घेतल्यावर, अवघ्या दोन दिवसांत तो भाव वाढविला. पुढे 1974 साली त्या संस्थेने स्वतःच्या तिजोरीतून बेकायदा देणग्या दिल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. त्याच वर्षी निवडणूक आयोगाची स्थापना झाली व देणग्यांना मर्यादा पडल्या, यामागे वॉटरगेटबरोबरच या दुधाचाही वाटा होता.

त्यानंतर सिद्ध झालेली व्यवस्था मला मनापासून आदरणीय वाटते, कारण तिचा सारा भार कोषाध्यक्षाच्या दफ्तरावर आहे. संघ समितीचा कार्यालयीन खर्च सोसू शकतो, परंतु उमेदवारास द्यावयाचा प्रत्येक डॉलर व्यक्तींनी स्वखुशीने दिलेला असावा लागतो. सभासद कंपनीच्या भागधारकांकडे अथवा वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे वर्गणी मागावयाची, तर त्या कंपनीची आगाऊ मंजुरी आवश्यक असते, आणि कंपनीस एका वर्षात एकाच व्यापारसंघास ती देता येते. पैसा कोणत्या राजकीय हेतूने मागितला जात आहे हे, आणि नकार दिल्यास कोणताही त्रास होणार नाही हे, मागतानाच सांगावे लागते. आलेली रक्कम कोषाध्यक्षाने दहा दिवसांच्या आत बँकेत भरावयाची. वर्षात 200 डॉलरांहून अधिक देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालकाचे नाव आयोगास कळवावयाचे. सारे हिशेब तीन वर्षे जपावयाचे. आणि प्रस्थापित समितीने एका उमेदवारास एका निवडणुकीत 5000 डॉलरांपेक्षा अधिक द्यावयाचे नाही.

1974 साली ठरलेली ही मर्यादा महागाई वाढत गेली तरी आजतागायत तशीच राहिली आहे; मात्र 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर खर्च करण्यास कंपन्यांना मोकळीक दिली, तेव्हा व्यापारसंघालाही आपल्या गंगाजळीतून असा खर्च अमर्याद करता येऊ लागला. परिणामी, 5000 डॉलरांच्या धनादेशामागे वर्गणीदारांची नोंदलेली नावे असतात, आणि त्याच संघाच्या तिजोरीतून जाहिरातींवर वाहणाऱ्या लक्षावधी डॉलरांमागे कोणकोणत्या कंपन्यांचे द्रव्य आहे, हे मतदारास बहुधा कळतच नाही. हा अन्याय मला त्या दूधप्रकरणापेक्षाही अधिक गंभीर वाटतो, कारण तेथे निदान कायदा मोडावा लागला होता.