गाळा घेण्यापूर्वी : मूल्याचे निदान

व्यवसायात दहा-पंधरा वर्षे स्थिरावल्यावर वैद्यबंधूंच्या व औषधी दुकानदारांच्या हाती थोडी शिल्लक जमते आणि ‘एखादा गाळा घेऊन ठेवावा, भाडे येत राहील’ असा विचार मनात येतो. चिंचपोकळी, लालबाग, परळ या परिसरात हा मोह विशेष आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, त्या जमिनींवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या सावलीतल्या चाळींचे गाळे ‘उद्याचे सोने’ म्हणून विकले जाऊ लागले. निदानावाचून चिकित्सा करू नये, हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. खरेदीतही तोच पाळावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हक्क ओळखावा

आपल्या भागातील जुन्या चाळींचे बहुतेक गाळे पागडीचे असतात. पागडीने मिळते ती भाडेकरूची जागा. मालकी मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने पागडीच्या देवघेवीस मान्यता दिली. तथापि हस्तांतरास मालकाची संमती लागते व त्यापोटी रकमेचा मोठा हिस्सा मालकाकडे जातो. शिवाय मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे हे जागा खाली करून घेण्यास पुरेसे कारण ठरते. म्हणून पागडीचा गाळा स्वतःच्या दवाखान्यास वा दुकानास उत्तम. केवळ भाडे खाण्यासाठी मात्र तो योग्य नव्हे. बँकाही अशा जागेवर सहसा कर्ज देत नाहीत.

पुनर्विकासाची आशा

‘इमारत पाडली की तीनशे फूट मिळणार’ हे वाक्य दलालांच्या तोंडी नेहमी असते. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमात किमान ३०० चौरस फुटांची हमी आहे, पण ती निवासी भाडेकरूंना. व्यापारी गाळेधारकास जुन्या जागेइतकेच क्षेत्र मिळते. १२० फुटांच्या गाळ्याचे ३०० फूट होत नाहीत. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली नवी भाडेदारीही या योजनेत धरली जात नाही. एका गाळ्याचे दोन करून विकणाऱ्यापासून म्हणूनच जपावे. भाडेपावती कोणाच्या नावे आहे, ती कधीपासूनची आहे आणि तीवर वापर ‘निवासी’ की ‘व्यापारी’ लिहिला आहे, हे मूळ पावत्या पाहूनच ठरवावे.

किंमत कशी काढावी

मालकी हक्काचा गाळा असेल, तर त्याची किंमत त्याच्या उत्पन्नावरून काढावी. उदाहरणादाखल, महिना २५,००० रुपये भाडे धरले, तर वर्षाचे तीन लाख होतात. त्यातून मालमत्ता कर, सोसायटीची वर्गणी, दुरुस्ती आणि एक महिना गाळा रिकामा राहील असे धरून ६०,००० वजा केले, की निव्वळ उरतात २,४०,०००. शेकडा सहा परतावा हवा असेल, तर या उत्पन्नाचे मूल्य चाळीस लाख होते. विकणारा साठ लाख सांगत असेल, तर वरचे वीस लाख ही केवळ आशेची किंमत आहे. ती द्यावी की न द्यावी, हे ज्याने त्याने ठरवावे. पण आपण काय विकत घेत आहोत, हे जाणून द्यावी.

यात मुद्रांक शुल्कही मिळवावे. मुंबईत ते सर्वसाधारणपणे शेकडा सहा आहे व करारातील किंमत आणि रेडी रेकनरचा दर यांपैकी जी रक्कम अधिक, तीवर आकारले जाते. चाळीस लाखांवर ते २,४०,००० होते, म्हणजे पहिल्या वर्षाचे सर्व निव्वळ उत्पन्न शुल्कातच जाते. रेडी रेकनरचा दर हा शुल्काचा आधार आहे, बाजारभाव नव्हे. खरा भाव जाणण्यासाठी त्याच रस्त्यावरील अलीकडच्या व्यवहारांचे ‘इंडेक्स टू’ उतारे पाहावेत. नव्या इमारतीत घेताना महारेराची नोंदणी पाहावी आणि दर चटई क्षेत्रावरच ठरवावा.

शेवटी

दलाल घाई करील, शेजारी ‘उद्या भाव वाढेल’ म्हणतील. आपण मात्र हक्क, उत्पन्न आणि आशा या तिन्हींचे मोल वेगवेगळे मांडावे. पहिली दोन पक्की असतील, तरच तिसरीसाठी पैसे मोजावेत. कष्टाची पुंजी घालण्यापूर्वी कागदपत्रे वकिलास दाखवावीत व मगच इसार द्यावा, अशी सर्व व्यवसायबंधूंना आमची विनंती आहे.