घरात बसून दूरचा प्रवास

मोबाइलवरचा खेळ म्हणजे नुसती गोळीबाराची धामधूम, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. सावेडीत पाइपलाइन रोडला असो की भिस्तबागेकडे, आपल्या कामकरी घरांत मोबाइल एक आणि मागणारे तीन, अशी स्थिती असते. मुलगा म्हणतो, "पप्पा, दहाच मिनिटं, मी अजून वाटेत आहे." वडील चिडतात, "घरात बसलाय, आणि वाटेत कसला?" पण मुलगा खोटे बोलत नसतो. अनेक खेळांत खेळाडूचा बराच वेळ चालण्यातच जातो. हे चालणे समजून घेतले तर घरातली निम्मी भांडणे मिटतील.

'रनस्केप' या खेळाचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या गॉवर बंधूंनी तो 2001 साली सुरू केला. त्याची जुन्या धाटणीची आवृत्ती 'ओल्ड स्कूल रनस्केप' 2013 साली आली आणि 2018 पासून ती मोबाइलवरही खेळता येते. जगभरातले हजारो लोक त्यात एकाच वेळी वावरतात. गावे, बाजार, बँका, बंदरे, सगळे आहे. तिथली माणसे खेळाडूला कामगिरी सांगतात आणि ती पार पाडायला गावोगाव फिरावे लागते.

एका कामगिरीचा हिशेब

'पायरेट्स ट्रेझर' ही फुकटात खेळता येणारी कामगिरी पाहा. पोर्ट सॅरिम बंदरावरचा म्हातारा चाचा फ्रँक म्हणतो, करामजा बेटावरची रम आणून दे, मग खजिन्याचा पत्ता सांगतो. (पाचवे शील पाळणाऱ्या घराने हे गोष्टीपुरतेच घ्यावे!) बोटीचे जाण्याचे भाडे 30 नाणी, रम 30 नाणी, येण्याचे भाडे 30. पण परतताना जकात अधिकारी झडती घेतो, रम नेऊ देत नाही. म्हणून केळीच्या बागेत मजुरी धरायची, खोक्यात रम लपवायची आणि वर दहा केळी भरायची. बागेचा मालक 30 नाणी देतो. म्हणजे खर्च 90, जमा 30, निव्वळ 60. खिशात 60 नाणी नसताना बोटीत बसलेल्या पोराचा बेटावर खोळंबा होतो.

पुढे ते खोके पोर्ट सॅरिमच्या किराणा दुकानात उतरते. दुकानाच्या मागच्या खोलीत शिरायला तिथे नोकरी धरावी लागते आणि नोकरीला पांढरा एप्रन लागतो. रम दिली की किल्ली मिळते. ती किल्ली व्हॅरॉक शहरातल्या खाणावळीतली पेटी उघडते. पेटीतली चिठ्ठी फॅलाडॉरच्या बागेकडे पाठवते. तिथे खणायला फावडे हवे. एप्रन आणि फावडे आधीच बरोबर घेतले नसेल तर प्रत्येक वेळी आल्या वाटेने मागे फिरा!

वाट कशी कमी करावी

पहिली गोष्ट, निघण्यापूर्वी कामगिरी शेवटपर्यंत वाचावी आणि लागणाऱ्या वस्तूंची यादी करावी. सोबत फक्त 28 वस्तू मावतात आणि दहा केळी म्हणजे दहा जागा गेल्या.

दुसरी, ओझे कमी ठेवावे. धावण्याची शक्ती ओझ्याने लवकर संपते, मग रखडत चालावे लागते. नको त्या वस्तू बँकेत टाकाव्यात. एका गावच्या बँकेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या गावच्या बँकेत मिळते.

तिसरी, एका दिशेची कामे एकाच फेरीत उरकावीत. माळीवाड्याला गेलेला शहाणा माणूस बाजार, दवाखाना आणि बँक एकाच खेपेत करतो, तसेच हे आहे.

चौथी, मंत्राने थेट गावात पोहोचण्याची सोय जपून वापरावी. व्हॅरॉकला असे जायला जादूची 25 वी पातळी लागते, फॅलाडॉरला 37 वी. मूळ गावी परतण्याचा मंत्र फुकट आहे, पण तो अर्ध्या तासातून एकदाच चालतो. आणि रम सोबत असताना मंत्र वापरला तर बाटली फुटते! आडवाट धरताना हातातले काय जाईल, हे आधी पाहावे.

पाचवी गोष्ट पालकांसाठी, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. या खेळात वाटेतच बाहेर पडले तरी काही बुडत नाही. परत आल्यावर खेळाडू त्याच जागी उभा असतो आणि कामगिरीही तिथपासूनच पुढे चालते. फक्त लढाई चालू असेल तर ती संपून काही क्षण जावे लागतात. म्हणून "वाटेत आहे" हे उठायला नकार देण्याचे कारण होऊ शकत नाही. लढाई संपू द्या आणि मग मोबाइल मागा. एकदम हिसकावू नका.

'एक छोटंसं काम'

याच खेळात 2005 साली 'वन स्मॉल फेव्हर' नावाची कामगिरी आली. एक माणूस एक छोटेसे काम सांगतो, लाकूड आणायचे. लाकूडतोड्या म्हणतो, आधी माझ्या कुऱ्हाडीला धार लावून आण. धार लावणारा म्हणतो, आधी माझ्यासाठी साक्षीदार मिळव. असे करत जग पालथे घालावे लागते आणि पुन्हा त्याच साखळीने उलटे यावे लागते. ही कामगिरी पैसे भरणाऱ्या सभासदांसाठी आहे. प्रवासाच्या जादा सोयीही बहुतेक त्यांनाच मिळतात. लांब वाटेचा कंटाळा आला की मुलगा पैसे मागतो, हे लक्षात ठेवावे. वडिलांच्या मोबाइलवरचा पैसे पाठवण्याचा गुप्त आकडा मुलांना देऊ नये.

ही साखळी वाचून आपल्याला हसू येत नाही, कारण ती आपल्या ओळखीची आहे. जात पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या नोंदी मागितल्या जातात. मग आजोबांची शाळा, तिथून गावची नोंद, तिथून तालुका, तिथून जिल्हा. अकोल्याहून नगरला यायचे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. एक कागद राहिला की परत तेवढाच प्रवास, आणि त्या दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच. खेळात फुकट गेलेली फेरी विसरता येते, ही फेरी मात्र पोटाला चिमटा लावते.

म्हणून पालकांनो, जो मुलगा खेळासाठी यादी करतो, इंग्रजी वाचून अर्थ लावतो, भाड्याचा हिशेब मांडतो, त्याला नुसते रागावू नका. वेळ ठरवून द्या, अभ्यास आधी ठेवा. आणि पुढच्या खेपेला दाखल्याच्या कामाला निघताना त्यालाच कागद-पेन द्या. कोणता कागद कुठे मिळतो, आधी कुठे जायचे, मूळ प्रत कुठे लागेल, झेरॉक्स किती, एका फेरीत काय काय उरकेल, हे त्याला लिहू द्या. त्या यादीने आईचा एक रोज जरी वाचला, तरी मुलाला आपल्या डोक्याची किंमत कळेल.