कोळंबीचे कवच व पाण्याचा सामू

पेण व रोहा तालुक्यांतील अंबा आणि कुंडलिका या नद्यांच्या खाड्यांत जवळा, करंदी व कोळंबी मिळते. या जीवांच्या कवचाला चुन्याच्या क्षारांमुळे कठीणपणा येतो. वाढताना ते कात टाकतात. नवे कवच घट्ट होईपर्यंत फार दुबळे असतात.

हवेतील कर्बवायू समुद्रात विरघळून कर्बाम्ल बनते. माती-तपासणीत पाहतात तोच सामू, सागरपृष्ठाचा, गेल्या सुमारे दोनशे वर्षांत ८.२ वरून ८.१ वर उतरला. फरक क्षुल्लक भासतो. परंतु आम्लता त्याने सुमारे सव्वापट झाली आहे. कालवांच्या मानाने कोळंबी तग धरते खरी, तथापि शरीरातील क्षारांचा तोल राखण्यात शक्ती खर्ची पडून तिची वाढ मंदावू शकते.

समुद्रावर उपाय शेतकऱ्याच्या हाती नाही, तळ्यावर आहे. कोळंबीच्या तळ्याचा सामू ७.५ ते ८.५ असावा. रात्रभर श्वासोच्छ्वासाचा कर्बवायू साठल्याने तो पहाटे सर्वांत कमी असतो. केवळ दुपारची तपासणी फसवी ठरते. सामू उतरल्यास चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून थोडी थोडी टाकावी. भरल्या तळ्यात कळीचा चुना कदापि टाकू नये. त्याने सामू एकदम चढतो व पाण्यातील अमोनिया अधिक विषारी बनतो. कळीचा चुना सुकविलेल्या तळासाठीच राखावा.