कागदी घोडे, उसने स्वार

बोगस मस्टर म्हणजे काय, हे कुंभार पिंपळगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोजगार हमीने तो शब्द मराठवाड्यात घरोघर पोचवला. पण ही विद्या रोजगार हमीहून फार जुनी, आणि तिचा खरा आखाडा म्हणजे फौज.

अकबराने 1570च्या दशकात घोड्यांना डाग द्यायची आणि स्वारांची चेहरेपट्टी लिहून ठेवायची पद्धत बसवली, ती खोटी नावं दाखवून पगार उचलण्याच्या याच चोरीला आळा घालण्यासाठी. तिचा बोजवारा कसा उडाला ते इतिहासकार बदायुनीने तिखट शब्दांत लिहून ठेवलंय. विणकर, पिंजारी, सुतार, भाजीवाले उसना घोडा घेऊन यायचे, त्याला डाग मारून घ्यायचे. चार दिवसांनी ना घोडा ना खोगीर. पैसा मात्र कुणाच्या तरी घशात गेलेला असायचा.

शहाजहानच्या काळात तर सरकारनेच हात टेकले. मनसबदाराची जहागीर त्याच्या नेमणुकीच्या सुभ्यातच असेल तर कागदावरच्या स्वारांपैकी एक तृतीयांश हजर असले तरी चालतील, दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश, आणि बल्खच्या मोहिमेला एक पंचमांश! त्यालाही कारण होतं म्हणा. जहागिरींचं उत्पन्नसुद्धा कागदावरच फुगलेलं असायचं.

शिवाजी महाराजांनी मात्र दुखणं मुळात ओळखलं, असं मला वाटतं. फौजेसाठी मुलूख तोडून देण्याऐवजी त्यांनी वेतन ठरवून दिलं. पागेतला घोडा सरकारचा, त्यावरचा बारगीरही सरकारचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी उतरंड बखरकार सभासद सांगतो. दसऱ्याला लष्कर निघताना लहानथोरांच्या चीजवस्तूंची यादी व्हायची आणि परतल्यावर झाडा घेतला जायचा. किल्ल्यावर हुकूम हवालदाराचा, पण हजेरीची वही सबनिसाकडे आणि कोठार कारखानिसाच्या ताब्यात. तिघांनी संगनमत केल्याशिवाय खोटा माणूस पोसणं कठीण.

राजाराम महाराजांच्या धामधुमीत वतनं-सरंजाम परत आले आणि पळवाटही आली. पेशव्यांनी सरदारांच्या पदरी आपले दरकदार नेमले, गणत्या घेतल्या. पण घोडे सरदाराचे, मुलूख सरदाराचा. तिथे सरकारी कारकून किती पुरा पडणार?

आपल्याकडे पुढे निजामाचा अंमल. इंग्रजांशी केलेल्या 1800च्या तहाने त्याने युद्धप्रसंगी 6000 पायदळ आणि 9000 घोडदळ द्यायचं कबूल केलं होतं. पुढे इंग्रजांनी त्याच्या खर्चाने स्वतःच्या अधिकाऱ्यांची कंटिंजंट फौज उभी केली. इथे शिपाई खरे होते, फुगले होते ते साहेबांचे पगार. त्या फौजेच्या देण्यापायी 1853 साली वऱ्हाड निजामाच्या हातचं गेलं.

एकविसाव्या शतकाने रोग बरा केला असं म्हणायची सोय नाही. जून 2014मध्ये मोसुल पडलं; त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला इराकचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं की चार डिव्हिजनमध्ये 50,000 सैनिक नुसते नावापुरते आहेत. 2021मध्ये काबूल पडल्यावर तिथले माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी तीन लाखांच्या अफगाण फौजेबद्दल तेच सांगितलं: बहुतेक नावं कागदावरची होती.

आपल्या राज्यात कागदावरच्या सैनिकांच्या जागी कागदावरचे विद्यार्थी आले, एवढाच फरक. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावण्यात आली. तरीही प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि निम्म्याहून अधिक मुलं गैरहजर निघालेल्या शाळांवर गुन्हे नोंदवायला न्यायालयाला सांगावं लागलं.