लाज कोणाची, ओझे कोणाच्या माथी

मराठीतील ‘लाज’ या एका शब्दात दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी नांदतात. खोटे बोललो, दुबळ्याला लुबाडले, दिलेला शब्द मोडला, तर मनाला जी टोचणी लागते ती एक लाज. आई-बाप ऊसतोडीला जातात, आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदलतो, पाळीचे डाग कपड्यावर दिसतात, म्हणून जी मान खाली जाते ती दुसरी. पाली वाङ्मयात पहिलीला ‘हिरी’ म्हटले आहे. तिच्या जोडीला ‘ओत्तप्प’, म्हणजे दुष्कृत्याच्या परिणामांची धास्ती. अंगुत्तर निकायात तथागतांनी या दोहोंना जगाचे रक्षण करणारे धर्म मानले आहे. दुसऱ्या लाजेला त्या मांडणीत स्थान नाही, कारण तिच्या मुळाशी त्या व्यक्तीचे कोणतेही दुष्कृत्य नसते. ती बाहेरून लादलेली असते. आमच्या मुली पहिली लाज घरी शिकून येतात. दुसरी गावाने त्यांच्या पाठीवर बांधून दिलेली असते, आणि ती कशी उतरते हा या लेखाचा विषय आहे.

घनसावंगी परिसरातील पालकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, कोपीवर संसार मांडला जातो आणि मुलगी वसतिगृहात राहते. नवी मुलगी पहिले काही आठवडे फार कमी बोलते. वडील काय करतात, या प्रश्नाला ती ‘शेती’ असे उत्तर देते. शेजारच्या खाटेवरची मुलगीही ‘शेती’च म्हणते. दोघींचे आई-बाप कदाचित एकाच कारखान्याच्या फडात कोयता चालवत असतात. पण आपणच एकटी अशी आहोत, असे प्रत्येकीला वाटत राहते. लादलेल्या लाजेचा सारा कारभार या ‘एकटी’पणावर चालतो.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे महाड आठवते. डिसेंबर 1927 च्या सत्याग्रह परिषदेत 27 तारखेला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून भाषण केले. शिक्षण, स्वच्छता, मृतमांसाचा त्याग हे विषय त्यात होतेच. पण लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने यांवरही ते बोलले. गुडघ्यापर्यंत चढवलेले लुगडे आणि हातापायांतील कथलाचे जाड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, असा त्यांचा आग्रह होता. स्त्रियांनी तो तेथल्या तेथे अमलात आणला. लुगडे घोट्यापर्यंत कसे नेसावे, हे त्यांना चित्रे आणि टिपणीस या सत्याग्रहातील सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी दाखवले. हा तपशील आम्हांला भाषणाइतकाच मोलाचा वाटतो. खूण टाका असे सांगणे हे नेत्याचे काम होते; निऱ्या घालून देणारे हात बायकांचेच लागले. पुढे 20 जुलै 1942 रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला विरोध असे ठराव स्त्रियांनी उघड सभेत मांडले. चार भिंतींआड कुजबुजण्याच्या या गोष्टी होत्या.

या स्त्रियांच्या आठवणी कागदावर आल्या, त्याही मैत्रीतून. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतील वयोवृद्ध स्त्रियांना शोधून बोलते केले आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध झाले. नावातला ‘ही’ लक्षात घ्यावा.

आत्मकथनांकडे वळले की लाजेचे प्रकरण अधिक स्पष्ट होते. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (2003) शाळकरी वयातला एक प्रसंग आहे. वर्गातील मुलींनी एकत्र जेवण करायचे ठरवले. उर्मिलेकडून पैसे घेतले, पण रांधण्याच्या कामात तिला घेतले नाही. ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची, तर तिने किती खाल्ले याची! त्या मुलीला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे झाले. मोठेपणी मात्र तीच मुलगी हा प्रसंग नावानिशी, छापील पुस्तकात सांगते आणि मान खाली घालण्याची पाळी वाचकांवर येते. लाज नाहीशी झालेली नाही. तिने पत्ता बदलला आहे.

त्याच पुस्तकात रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर चढून-उतरून जाणाऱ्या बायका आहेत. डोक्यावर लाकडे, गवत, टोपल्या यांचा भार, आणि एवढ्या आडवळणी गाव वसवणाऱ्या मूळ पुरुषाच्या नावाने शिव्यांची लाखोली! वाचताना हसू येते. पण ते हसू दारिद्र्याला हसणारे नव्हे. वाटेवरच्या चार-चौघींनी ओझे वाटून घेतल्याचे ते लक्षण आहे. जेवणाची चेष्टा करणाऱ्या मुलीही हसल्याच होत्या. दोन्ही हसण्यांतला फरक शिक्षकाने ओळखला नाही, तर वसतिगृहात चेष्टेच्या नावाखाली छळ सुरू होतो. विनोदाचा रोख कोणावर आहे आणि ज्या मुलीविषयी बोलणे चालले आहे ती स्वतः हसते आहे का, एवढे पाहिले तरी पुरते.

बेबीताई कांबळे यांनी फलटणच्या आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून, कित्येक वर्षे लिहिले. ‘जिणं आमुचं’ 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. ‘माझं’ नव्हे, ‘आमुचं’. महारवाड्यातील उपासमार त्यांनी झाकली नाही, तसा आपल्याच माणसांचा अंगात येण्याचा खेळही झाकला नाही. त्यावर त्या मिश्कीलपणे लिहितात. शाळेत वेगळ्या बसवलेल्या आपल्या मैत्रिणींनी टोळीने केलेली भांडणेही त्यांनी नोंदवली आहेत. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ प्रसिद्ध झाले. सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या बाईंना ‘माझ्या जन्माची’ असे लिहिता येत नव्हते, असे कोण म्हणेल? शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाई चालवणाऱ्या आम्हां शिक्षकांना ते शीर्षक कायम थोडे अस्वस्थ करते, आणि करावेही.

धम्माच्या परंपरेत याची मुळे जुनी आहेत. थेरीगाथेतील मुत्ता थेरीने आपल्या मुक्तीचा आनंद सांगताना उखळ आणि मुसळाच्या पंक्तीला चक्क नवऱ्यालाही नेऊन बसवले आहे! पतिव्रताधर्माच्या देशात ही थट्टा भिक्खुणींनी तोंडपाठ जपली. लेकरे, पती आणि आई-बाप गमावून, भान हरपून विवस्त्र हिंडणाऱ्या पटाचारेची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या वाट्याला आलेली लाज कोणत्याही स्त्रीला कायमची तोडून टाकणारी होती. पण थेरीगाथेत ती पुढे दिसते ती अनेक स्त्रियांची आधारदाती, त्यांना मार्गाला लावणारी म्हणून. कल्याणमित्रता हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंद म्हणाले, तेव्हा तथागतांनी त्यांना दुरुस्त केले आणि तो संपूर्ण भाग आहे असे सांगितले. हे वचन आपण विहारात वारंवार ऐकतो. दोन खाटांमधल्या हातभर अंतराला ते लावून पाहण्याचे मात्र राहून जाते.

वसतिगृहात हे घडते ते बहुधा रात्री, दिवे गेल्यावर. कोणी एक म्हणते, माझी आई कोप्यावर आहे. दुसरी विचारते, कोणत्या कारखान्याला? मग मुकादमाच्या नकला होतात, आणि पहिल्या पाळीला आपल्याला काही भयंकर रोग झाला असे वाटल्याचे एकीने सांगितले की आणखी तिघी तेच सांगतात. अशा वेळी अधीक्षिकेने दार ठोठावून ‘झोपा’ म्हणण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. तसेच, कोणत्याही मुलीला वर्गापुढे उभे करून ‘तुझे दुःख सांग’ म्हणू नये. मागून घेतलेला प्रामाणिकपणा हा पुन्हा उघडे पाडण्याचाच प्रकार होतो. कोणाजवळ आणि केव्हा बोलायचे, हे तिचे तिनेच ठरवायचे.

यात अभ्यासाचाही प्रश्न गुंतलेला आहे. पाळीच्या दिवसांत शाळा बुडवणारी, फीची अडचण न सांगणारी, स्थळ पाहायला पाहुणे येणार आहेत हे लपवणारी मुलगी एके सुट्टीत घरी जाते आणि परत येत नाही. तिच्या मैत्रिणीला ते आधी कळलेले असते. मैत्रीण नसली तर कोणालाच कळत नाही.

माजी विद्यार्थिनींपैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी शिक्षिका, कोणी शेतकरी, कोणी आजही तोडीला जाणाऱ्या. स्नेहसंमेलनात आपण यशाची भाषणे ऐकतो, टाळ्या वाजवतो. पुढच्या वेळी त्यांनी व्यासपीठावरचा सत्कार झाल्यावर एक रात्र वसतिगृहात मुक्काम करावा, मुलींच्या शेजारी अंथरूण घालावे आणि आपण पहिल्या वर्षी काय काय लपवले होते ते त्यांना सांगावे, अशी विनंती आहे. भाषण तयार करून आणू नये.