अंतराळातील कमाई आणि गिरणगावचा हिशेब

परळ-लालबागच्या चाळींतून रात्रपाळीचा कामगार ज्या सुमारास बाहेर पडत असे, त्या सुमारास आता त्याच घरांतला एखादा नातू संगणकापुढे बसलेला दिसतो. त्याचेही एका अर्थाने कामच सुरू होणार असते. पडद्यावर काळेभोर अंतराळ पसरते, एक लहानसे यान खडकापाशी जाऊन थांबते आणि त्यातून खनिज उपसू लागते. ते खनिज बाजारात विकले जाते, मोबदला खात्यावर जमा होतो आणि त्यातून पुढचे, थोडे मोठे यान घेता येते. घरातील वडीलधारे विचारतात, ‘यातून मिळते काय?’ मुलगा उत्तर देतो, ‘पैसे.’ या प्रश्नोत्तरात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केल्यानंतर तर तो दूर करणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

अशा अंतराळी खेळांत सर्वांत नावाजलेला खेळ म्हणजे ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने तो ६ मे २००३ रोजी सुरू केला. चीनचा अपवाद वगळता जगभरचे खेळाडू त्यात एकाच विश्वात वावरतात. या विश्वात सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत आणि त्यांतील बहुतेक याने व शस्त्रे खेळाडूंनीच बनवून विकलेली असतात. भाव कंपनी ठरवीत नाही. ते मागणी-पुरवठ्यावर चढतात आणि उतरतात. ही बाजारपेठ इतकी गुंतागुंतीची झाली की, २००७ साली कंपनीला एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक करावी लागली. हेच गृहस्थ पुढे आइसलंडमधील अकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेव्हा हा केवळ पोरखेळ आहे, असे म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही.

बदली कामगाराची वाट

या विश्वात नव्याने शिरणाऱ्याची स्थिती जुन्या काळी गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बदली कामगारासारखी असते. हाती कसब नाही, गाठीला पैसा नाही आणि ओळखही नाही. २०१६ च्या नोव्हेंबरपासून विनामूल्य प्रवेशाची सोय झाली, परंतु अशा फुकट खात्यावर शिकता येणारी कौशल्ये मर्यादित असतात. कौशल्य येथे सरावाने नव्हे, तर काळाने मिळते. एखादे कसब शिकायला लावले की खेळाडू झोपला असला तरी घड्याळ चालू राहते. त्यामुळे घाई करणाऱ्याला येथे थारा नाही.

प्रारंभी खेळच नवख्याला निरनिराळ्या धंद्यांची तोंडओळख करून देणारी लहान कामे देतो. ती पुरी केली की थोडे चलन आणि दोन-चार साधी याने पदरी पडतात. त्यानंतर कमाईच्या वाटा फुटतात. पहिली खाणकामाची, ती सर्वांत सुरक्षित, सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत कमी मोबदल्याची. दुसरी वाहतुकीची. येथे माल पोचविण्याचा करार घेताना वाहतूकदाराला अनामत रक्कम ठेवावी लागते. मोठ्या मोबदल्याचे आमिष दाखवून भरमसाट अनामत घ्यायची आणि वाटेत यान गाठून फोडायचे, ही तेथील ठकांची जुनी रीत आहे. तिसरी वाट शोधमोहिमेची. स्वस्तातले यान घेऊन निर्जन प्रदेशात जुने अवशेष हुडकायचे. मिळाले तर घबाड, नाही तर यान गेले. चौथी वाट व्यापाराची. जिता नावाच्या सूर्यमालेतील पेठेत खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांतील फरकावर लोक जगतात, आणि कर व दलाली वजा करायला विसरलेला व्यापारी तेथेही बुडतो.

पोलीस आहेत, पण ते गुन्हा रोखत नाहीत. गुन्ह्यानंतर हल्लेखोराचे यान नष्ट करतात. लुटलेला माल मालकाला परत मिळत नाही. म्हणूनच, जे गमावणे परवडत नाही ते घेऊन उड्डाण करू नये, हा तेथील जाणत्यांचा पहिला उपदेश असतो.

दुसरा उपदेश गिरणगावाला अपरिचित नाही. एकट्याने येऊ नये! कोकणातून वा घाटावरून मुंबईला आलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत जेवी आणि कोणा नातलगाच्या शब्दावर गिरणीत चिकटे. ‘ईव्ह’मध्येही नवखा तगतो तो एखाद्या संघात शिरल्यामुळे. २००४ साली तर खेळाडूंनीच नवख्यांना शिकविण्यासाठी ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ नावाची संस्था काढली. तेथे अनुभवी खेळाडू विनामूल्य वर्ग घेतात. ठकबाजीला मुभा असलेल्या जगात अशी संस्था इतकी वर्षे टिकावी, ही शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट आहे.

आवक की जावक?

मग घरातील मुलाचे ‘पैसे’ हे उत्तर चुकीचे कसे? खेळातील चलनाला ‘इस्क’ म्हणतात. आइसलंडच्या खऱ्या चलनाचे आंतरराष्ट्रीय लघुरूपही तेच आहे, पण दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. खरा पैसा खेळात नेण्याची वाट कंपनीने उघडी ठेवली आहे. ‘प्लेक्स’ नावाची वस्तू रोखीने विकत घेऊन ती खेळातल्या बाजारात इस्कला विकता येते. उलट, भरपूर इस्क कमावणारा खेळाडू तीच प्लेक्स खेळातून विकत घेतो आणि तिच्यावर आपली वर्गणी भागवतो. पाचशे प्लेक्सला एक महिना मिळतो. परंतु इस्क विकून रुपये वा डॉलर घेणे नियमाने निषिद्ध आहे. म्हणजे पैशाला आत येण्याचा दरवाजा आहे, बाहेर जाण्याचा नाही.

कारकुनी हिशेब मांडून पाहावा. महिन्याची वर्गणी वीस डॉलरच्या आसपास, म्हणजे सुमारे सतराशे-अठराशे रुपये. समजा, ती खेळातल्या कमाईतून भागवण्यासाठी एखाद्याने महिन्यात साठ तास खर्ची घातले, तर त्याला ताशी तीस रुपयांच्या आत-बाहेर मजुरी पडली. तीही रोख नव्हे, तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच काम करण्याच्या परवान्याच्या रूपाने. करमणूक म्हणून हा व्यवहार वाईट नाही, पण रोजगार म्हणून मात्र तो अगदीच तोट्याचा आहे.

हा बंद दरवाजा फोडला की काय होते, हे २००९ साली दिसले. खेळाडूंनी चालविलेल्या ‘ईबँक’ या पेढीत हजारो जणांच्या इस्कच्या ठेवी होत्या. तिच्या प्रमुखानेच सुमारे दोनशे अब्ज इस्क उचलले आणि काळ्या बाजारात रोखीने विकले. घराची अनामत आणि औषधोपचाराचा खर्च भागवण्यासाठी हे केल्याचे त्याने सांगितले. त्याच्या हाती जेमतेम तीन हजार पौंड पडले. बातमी फुटताच ठेवी काढून घेण्यासाठी पेढीवर झुंबड उडाली. कंपनीने त्याला खेळातून काढले. मात्र अफरातफरीबद्दल नव्हे, तर इस्क रोखीने विकल्याबद्दल. खेळात ठेवी लुबाडणे नियमबाह्य नव्हते. ठेवीदारांना तो न्याय विचित्र वाटला असेल, पण त्यामागे तर्क होता. खेळातली लूट खेळातच राहिली तर ती खेळ ठरते. तिला रोख किंमत आली की ठेवीदाराची ठेव खरी होते आणि त्याचे बुडणेही खरे होते.

आकड्यांचा धडा

हा धडा मध्य मुंबईने फार पूर्वी, आणि फार महागात घेतला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईत तारेने येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे थांबले. तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. बाजाराशी असलेला उरलासुरला संबंधही संपला; राहिला तो निव्वळ आकडा. कापूस पिंजणाऱ्या आणि सूत काढणाऱ्या कामगाराच्या पगारातला हिस्सा ‘ओपन’ आणि ‘क्लोज’मध्ये जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्या काळात आकड्यावर गमावलेली मागची कमाई किती घरांना आठवली असेल!

विशेष हे की, जुगारप्रतिबंधक कायदा मुंबई इलाख्यात १८८७ पासून अस्तित्वात होता. मटका त्या कायद्याच्या नाकावर टिच्चून फोफावला. बंदी आवश्यक असेलही, परंतु ती पुरेशी नसते, हे सांगण्यास याहून वेगळा दाखला नको.

कायद्याची रेघ

या पार्श्वभूमीवर २०२५ च्या कायद्याकडे पाहावे लागते. २० ऑगस्टला लोकसभेने, २१ ला राज्यसभेने तो संमत केला आणि २२ ला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैशांच्या ऑनलाइन खेळांपायी देशातील लोक वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला. कायद्याने स्पर्धात्मक ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे तीन वर्ग केले आणि तिसऱ्यावर बंदी घातली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. वर्गणी घेणारा खेळ सामाजिक वर्गात बसू शकतो, मात्र ती वर्गणी म्हणजे लावलेली बाजी असता कामा नये.

यापूर्वीची रेघ निराळी होती. १९५७ साली मुंबईतील बक्षीसस्पर्धांवरून गाजलेल्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि नशीब असा भेद केला. कौशल्याच्या स्पर्धेला धंद्याचे संरक्षण आणि जुगाराला नाही, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. ऑनलाइन कंपन्यांनी वर्षानुवर्षे त्याचाच आधार घेतला. नव्या कायद्याने तो भेद बाजूस सारला. कौशल्य असो वा नशीब, पैसे मिळण्याच्या आशेने पैसे लावले की तो पैशांचा खेळ. ही रेघ फार सरसकट आहे, तिने कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, हा आक्षेप खोटा नाही. तथापि खेळणाऱ्याच्या घराचा विचार केला, तर पैशाची दिशा पाहणारी नवी रेघच अधिक उपयोगी आहे. अंतराळी खेळात कौशल्य आहे यात शंका नाही. पण त्या कौशल्याला रोखीचा दरवाजा जोडला, तर पहाटे चारला संगणकापुढे बसणारा मुलगा खेळाडू राहणार नाही.

म्हणून या मुलांना नुसते दटावून भागणार नाही. शाळा-महाविद्यालयांतील वाणिज्याच्या शिक्षकांनी हा खेळ उदाहरणादाखल घेतला तरी हरकत नाही. मागणी-पुरवठा, दलाली, अनामत, पेढीवरील झुंबड हे सारे त्यात आहे. २०१४ च्या जानेवारीत याच खेळात सात हजारांहून अधिक खेळाडूंची प्रचंड लढाई झाली आणि सुमारे तीन लाख डॉलर किमतीची याने नष्ट झाली. तिचे निमित्त काय, तर एका सूर्यमालेच्या ताब्याचे बिल वेळेवर भरले गेले नाही! कचेरीत बसणाऱ्या कोणालाही हे कारण पटावे.

घरातील वडीलधाऱ्यांनीही प्रश्न थोडा बदलावा. ‘यातून मिळते काय?’ असे न विचारता, ‘यात जाते किती?’ असे विचारावे. वर्गणीचे रुपये, खेळात घातलेली रोकड, रात्रीचे तास आणि बुडालेले वर्ग एका बाजूला. मिळालेले मित्र, शिकलेला व्यवहार आणि झालेली करमणूक दुसऱ्या बाजूला. एवढा ताळेबंद महिन्याच्या महिन्याला मुलाने स्वतःच वहीत मांडला, तर अंतराळात हिंडायला त्याला कोणी मना करण्याचे कारण नाही. गिरणीतून परतणाऱ्या त्याच्या आजोबांना निदान पगाराच्या दिवशी आपली कमाई मोजून पाहता येत होती.