मोटारीनें कोंकण पाहतांना

कोंकणचा किनारा मोटारीनें पाहावयाचा तर घाई घरींच ठेवून निघावें. कारण तेथील वेळापत्रक समुद्र ठरवितो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीस पायीं गांठतां येतो. भरतींत तीच वाट पाण्याखालीं जाते. चंद्र रोज थोडा पुढें सरतो, म्हणून भरतीही रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते. आदल्या दिवशीं ऐकलेल्या वेळेवर आम्ही विसंबलों आणि गुडघाभर पाण्यांतून, एकमेकांचे हात धरून, कसेबसे परतलों!

पुढें रेवदंड्यास पोर्तुगीजांच्या जुन्या तटाचे अवशेष आहेत. त्यांची सत्ता तेथें १७४० पर्यंत टिकली. परंतु खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती बांधवांच्या मुखीं पोर्तुगीज वळणाची बोली अद्याप आहे. पुढें मुरुडनजीक मराठ्यांस कधींच न जिंकतां आलेला जंजिरा दिसतो.

बालमित्रहो, पाण्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं तेथील कोळ्यास अवश्य विचारावें.